दोन हजारांत भागत नाही

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी पानठेल्यावर हमखास ऐकू येतं, "पिऊन पकडलं तर काय होते बे? दोन हजाराची पावती फाडाची अन् निघाचं."

हा हिशेब जुना झाला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात पहिल्या गुन्ह्याला तेवढा कमाल दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८५ खाली पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

शिवाय हा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटतच नाही, कोर्टात जावं लागतं. म्हणजे ऐन सोयाबीन सोंगणीत तालुक्याच्या तारखा. माझ्या मते खरी शिक्षा तीच.

मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. मग देशी असो की मोहाची. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटून तोंडात कोंबला की श्वास तपासणारी मशीन फसते, हाही भ्रमच. ती फुप्फुसातून आलेल्या हवेतलं अल्कोहोल मोजते, तोंडाचा वास नाही.

दंड आणखी वाढवा, असं म्हणणारे बरेच भेटतात. आमच्या फाट्यावर ते मशीन मात्र अजून मी पाहिलेलं नाही.