बाकीचा अर्थ लावणे

भागाकाराच्या शाब्दिक उदाहरणात पूर्ण भाग गेला नाही, तर उरलेल्या बाकीचे काय करायचे हे उदाहरणातल्या परिस्थितीवरून ठरवणे. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी, आणि बाकी भाजकापेक्षा लहान, इथे आकडेमोड संपते. उदाहरण मात्र अजून सुटलेले नसते.

३८ ला ४ ने भागले की भागाकार ९, बाकी २. एका होडीत चौघे बसत असतील, तर ३८ जणांना एकाच खेपेत पलीकडे न्यायला १० होड्या लागतात. उरलेल्या दोघांसाठीही अख्खी होडीच हवी. ३८ मीटर दोरीचे चार-चार मीटरचे तुकडे ९च होतात, दोन मीटर वाया. तीच दोरी चौघांत सारखी वाटली, तर प्रत्येकाला साडेनऊ मीटर. ३८ मुलांचे चार गट करताना साडेनऊ मुले कुठून आणणार? तिथे दोन गट नऊ-नऊंचे, दोन दहा-दहांचे. वाराच्या उदाहरणात तर सगळेच उलटे: आज सोमवार असेल, तर ३८ दिवसांनी कोणता वार? ३८ ला ७ ने भागून बाकी ३, म्हणून गुरुवार. भागाकार ५ आला, त्याचा काहीच उपयोग नाही.

खरी गफलत एककांची असते. होडीच्या उदाहरणात ९ या होड्या आहेत आणि २ ही माणसे, म्हणून ‘९ बाकी २ होड्या’ हे उत्तरच होत नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एका राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारले होते: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, तर ११२८ सैनिकांना किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांचा भागाकार बरोबर होता. ३२ हे उत्तर मात्र २३ टक्क्यांनीच दिले, तर २९ टक्के मुलांनी ‘३१ बाकी १२’ असे लिहून दिले. गणकयंत्र हाताशी असले तरी प्रश्न सुटत नाही. ते ३१.३३३… दाखवते, आणि त्यातले .३३३… म्हणजे ३६ चा तिसरा हिस्सा, १२ सैनिक, हे ओळखावे लागतेच.

‘९ बाकी २’ ही काही एक संख्या नव्हे. ४७ ला ५ ने भागले तरी तेच येते; पण दशांशात ३८ ÷ ४ = ९.५ आणि ४७ ÷ ५ = ९.४. शून्ये छाटतानाही हे सांभाळावे लागते: ३८० ला ४० ने भागताना दोन्हीकडचे शून्य उडवले, तर भागाकार ९ बरोबर येतो, पण बाकी २ दिसते. खरी बाकी २० असते.