टी-वन म्हणजे कुठलं? पार्ल्याचं की नवी मुंबईचं?

नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागल्यापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न फिरून फिरून येतो. "तिकिटावर टी-वन लिहिलंय, म्हणजे पार्ल्यालाच जायचं ना?" आणि निम्मे जण छातीठोकपणे "हो" म्हणून मोकळे होतात. उरलेले अंगठा दाखवतात.

मुंबईच्या विमानतळाबद्दल ठाणेकराला नव्याने काही सांगायला नको. हायवेवर पार्ल्याला टी-वन, सहारला टी-टू. टी-टूची आत्ताची इमारत २०१४ मध्ये सुरू झाली. मेट्रो-३ ने दोन्हीकडे स्टेशन दिलंय. एवढं पुरे. फक्त एक लक्षात ठेवा: टर्मिनलं दोन असली तरी विमानतळ एकच आहे. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या, आणि दोन्ही टर्मिनलची विमानं त्यांच्यावरूनच उडतात. म्हणून टी-टूऐवजी टी-वनला पोहोचलात तर चार-पाच किलोमीटरचा फेरा पडतो, ड्रायव्हर कुरकुरतो, पण हाताशी वेळ ठेवून निघाला असाल तर विमान मिळतं.

नवी मुंबईत अशी सूट नाही. तिथला विमानतळ हा मुंबई विमानतळाचा नवा भाग नव्हे. 'टी-थ्री' तर अजिबात नव्हे; हे नाव कोणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, पण ऐकलं की माझं डोकं फिरतं. उलवे-पनवेलच्या बाजूचा हा पूर्ण वेगळा विमानतळ आहे. धावपट्टी वेगळी, कंट्रोल टॉवर वेगळा, तिकिटावरचा कोड वेगळा. पार्ल्यापासून रस्त्याने साधारण ३५-४० किलोमीटर. आणि तिथल्या पहिल्या टर्मिनलचं नावही टर्मिनल १. सगळी गोची इथे आहे.

टर्मिनलचा नंबर त्या त्या विमानतळापुरता असतो, शहरभर मिळून मोजलेला नसतो. ठाणे स्टेशनात पाच नंबरचा प्लॅटफॉर्म आहे, कल्याणलाही आहे. "गाडी पाचवर येतेय" असं कोणी सांगितलं तर आधी "कुठल्या स्टेशनात?" हे आपण विचारतोच. विमानाच्या बाबतीत मात्र विचारत नाही, कारण इतकी वर्षं आपल्यासाठी विमानतळ एकच होता. टी-वन म्हटलं की पार्लं, हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की तिकिटावर बाकी काय लिहिलंय ते डोळ्यांना दिसतच नाही.

दिसायला हवीत ती तीन अक्षरं. बी-ओ-एम असेल तर पार्लं-सहारचा विमानतळ, एन-एम-आय असेल तर नवी मुंबई. 'मुंबई' हा शब्द बघून काही ठरवू नका. तिकिटाच्या साइटवर 'मुंबई' टाकलं की बऱ्याचदा दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत येतात, आणि आपण भाडं बघून सगळ्यात वरचं दाबतो. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांनी तेच केलं. पार्ल्याच्या दारात जवानाने त्यांचा मोबाइल हातात घेतला, एन-एम-आयवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सर, ये वाला यहाँ नहीं है." काका त्याला टी-वन, टी-वन म्हणून दाखवत राहिले. बरोबरच दाखवत होते, टी-वनच लिहिलं होतं! नवी मुंबईत सध्या एकच टर्मिनल चालू आहे, त्यामुळे तिथल्या तिकिटावरचं 'टी-वन' तुम्हाला काहीच सांगत नाही. बी-ओ-एमच्या तिकिटावर मात्र टर्मिनलचा नंबर बघावाच लागतो. आधी कोड, मग टर्मिनल. उलट क्रमाने वाचलं की काकांसारखं होतं.

कॅबमध्ये बसल्यावरही एक खूण आहे. ठाण्याहून नवी मुंबईला जायचं तर खाडी ओलांडावीच लागते, ऐरोलीच्या पुलावरून नाहीतर कळव्याहून विटाव्यामार्गे. ऐरोलीचा फाटा मागे टाकून गाडी घाटकोपरच्या दिशेने सुटली असेल तर तिथेच ड्रायव्हरला विचारा. वाशी-नेरूळवाल्यांचं उलटं: गाडी वाशीच्या पुलावर चढली म्हणजे तुम्ही मुंबईला चाललात. लोकलने जायचं तर ट्रान्स-हार्बरने नेरूळ, तिथून उरणची गाडी पकडून तरघर. उरणच्या गाड्या आपल्या स्लो लोकलसारख्या पाठोपाठ नसतात, वेळापत्रक बघून निघा.

चुकण्यात आपणच पहिले नाही, एवढा दिलासा घ्या. जुहूची जुनी छोटी धावपट्टी सांताक्रूझपासून, म्हणजे आपल्या पार्लं-सहारच्याच विमानतळापासून, हाकेच्या अंतरावर. १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट विमान आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून थेट जुहूला उतरलं होतं. जपानी विमान तर धावपट्टी संपली तरी थांबलं नाही.

इतिहासातला फरक थोडक्यात. सांताक्रूझची धावपट्टी इंग्रजांच्या हवाई दलाच्या काळातली. नवी मुंबईची कल्पना १९९७ ची, भूमिपूजन २०१८ चं, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि प्रवासी विमानं त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून. मधल्या काळात उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं आणि चिंचपाडा, कोल्ही, कोंबडभुजे, तरघर अशी दहा गावं उठली. इथल्या भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्यायची मागणी त्याच मातीतली, आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठरावही केला. त्यामुळे पनवेल-उरणकडचा पाहुणा "दि. बां.वर उतरतोय" म्हणाला तर तो हाच विमानतळ.

दोन विमानं जोडून घेणार असाल तर आणखी जपा. बी-ओ-एमला उतरून एन-एम-आयवरून पुढे जायचं म्हणजे सामान घ्या, बाहेर पडा, रस्त्याने अख्खी खाडी ओलांडा आणि पुन्हा चेक-इन, पुन्हा सिक्युरिटी. स्वस्त दिसतं म्हणून अशी जोडणी मी तरी कधी घेणार नाही. परतीचं तिकीटही वेगळं तपासा. जाताना एन-एम-आय आणि येताना बी-ओ-एम असं सहज होतं, आणि मग तुम्ही उतरता सहारला नि गाडी उभी असते उलव्याच्या पार्किंगमध्ये.