जेवताना बरं, मग रात्रीच तोंडाला एवढी कोरड का?

तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडलं, की कोणीतरी हमखास म्हणतं, "किरणांची उष्णता अंगात राहिली आहे, बाहेर पडायला वेळ लागणारच." हिशेब करून बघू. एका दिवसाचा डोस साधारण 2 ग्रे असतो. 1 ग्रे म्हणजे ऊतींच्या दर किलोमागे 1 ज्यूल ऊर्जा. 1 किलो पाण्याचं तापमान 1 अंशाने वाढवायला सुमारे 4,200 ज्यूल लागतात. म्हणजे 2 ग्रेने तापमान वाढतं ते अंशाच्या दोन हजाराव्या भागाएवढं. सहा-सात आठवड्यांचे 70 ग्रे एका दमात दिले असं धरलं, तरी अंशाचा साठावा भाग. गरम पाण्याचा एक घोट याच्या कितीतरी पट तोंड तापवतो. तेव्हा 'उष्णता काढणारे' काढे विकणाऱ्यांना खुशाल नमस्कार करावा आणि लाळग्रंथींकडे वळावं.

मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढची, जबड्याखालची आणि जिभेखालची. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ करतात, पण त्यांच्या पाळ्या वेगळ्या आहेत. कानापुढची जोडी जेवताना कामाला लागते आणि पातळ लाळ भरपूर सोडते. आपण नुसते बसलेलो असताना जी लाळ झिरपते, तिचा सुमारे दोन तृतीयांश भाग जबड्याखालच्या जोडीचा. झोपेत कानापुढची जोडी जवळपास बंदच पडते. धडधाकट माणसाचीही लाळ जागेपणी मिनिटाला 0.3 ते 0.4 मिलिलिटर असते, ती झोपेत 0.1 किंवा त्याहूनही खाली येते.

आता उपचारांकडे बघा. आधुनिक रेडिएशनमध्ये किरणांची तीव्रता जागोजागी बदलता येते, म्हणून कानापुढची ग्रंथी शक्य तितकी वाचवतात. तिला मिळणारा सरासरी डोस 26 ग्रेच्या खाली राहिला, तर ती बरीच सावरते. याचा फायदा खराच मोठा आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत, वर्षभरानंतर त्रासदायक कोरड असणाऱ्यांचं प्रमाण जुन्या पद्धतीत 74 टक्के होतं, नव्या पद्धतीत 38. पण जबड्याखालची ग्रंथी तोंडातल्या गाठीला आणि मानेतल्या लसिकाग्रंथींना (लिम्फ नोड) अगदी खेटून असते. तिला वाचवणं अवघड, आणि ऑपरेशनमध्ये त्या बाजूच्या लसिकाग्रंथी काढताना बरेचदा तीही जाते. वाचली ती जेवणाची पाळी, गेली ती रात्रीची. "जेवण जातं हो, पण रात्री जीभ टाळूला चिकटते," या तक्रारीचं मूळ बरेचदा इथे असतं.

लाळ बनते कशी, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. लाळेत 99 टक्के पाणी, पण पेशीकडे पाणी ढकलणारा पंप नसतो. ती मीठ हलवते आणि पाणी आपसूक मागे येतं. रक्ताच्या बाजूने पेशी क्लोराइडचे आयन, म्हणजे मिठातले विद्युतभारित कण, आत ओढून साठवून ठेवते. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन हे निरोप नेणारं रसायन सुटलं, की पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम मोकळं होतं आणि लाळ वाहून नेणाऱ्या नळीच्या बाजूची क्लोराइडची दारं उघडतात. ऋणभाराचं क्लोराइड बाहेर पडलं, की धनभाराचं सोडियम दोन पेशींमधल्या फटीतून त्याच्यामागे ओढलं जातं. नळीत मीठ वाढलं, आणि मग परासरणाने, म्हणजे जिकडे मीठ जास्त तिकडे, पाणी येतं, तेही अ‍ॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या खास मार्गिकांतून. (या मार्गिकांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना 2003 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) इथवर ही लाळ रक्तद्रवाइतकीच खारट असते. पुढच्या नळ्या सोडियम-क्लोराइड परत शोषून घेतात, बायकार्बोनेट घालतात, पाणी मात्र फारसं परत जाऊ देत नाहीत. म्हणून तोंडात येणारी लाळ अळणी असते, आणि म्हणूनच जेवणातलं मीठ कमी-जास्त झालेलं आपल्याला कळतं.

किरणांचा तडाखा जास्त बसतो तो भराभर विभाजित होणाऱ्या पेशींना. लाळ करणाऱ्या पेशी फारशा विभाजित होत नाहीत, त्यामुळे किरणांपुढे त्या टिकायला हव्यात. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात लाळ निम्म्यावर येऊ शकते. प्राण्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं, की सुरुवातीला पेशी जिवंत असतात, पण कॅल्शियमचा निरोप पुढे पोचत नाही. नंतर पेशी मरतात, नळ्यांमधल्या, नव्या पेशी घडवणाऱ्या मूळपेशीही गेल्यामुळे भरपाई होत नाही आणि जागा तंतूंनी भरते. उरलेल्या नळ्यांच्या पेशींत अ‍ॅक्वापोरिनचं जनुक सोडून त्यांच्याकडूनच पाणी पाझरवण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला. 2012 साली निकाल आले. 11 रुग्णांपैकी 6 जणांची लाळ वाढली. आशादायक आहे, पण गोष्ट अजून चाचण्यांतच आहे. जनुकाच्या नावाने कोणी आज पैसे मागत असेल, तर सावध.

मग आज रात्री काय? उशाशी पाण्याची बाटली सगळेच ठेवतात. पण लाळेला ओलेपणा धरून ठेवायला लावतात ती म्युसिन नावाची बुळबुळीत प्रथिनं, आणि तोंडातला लाळेचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो. टाळूवर तर आणखी पातळ, आणि तोंडाने श्वास घेतला की टाळूच आधी सुकतो. पाण्याच्या प्रत्येक घोटाबरोबर उरलंसुरलं म्युसिनही धुऊन जातं. काही मिनिटांत पुन्हा कोरड, वर लघवीसाठी उठणं. त्यापेक्षा झोपताना कोरड्या तोंडासाठीचं जेल वाटाण्याएवढं बोटावर घेऊन टाळू, गालांची आतली बाजू आणि जिभेवर पातळ फासावं. रात्री उठलात तर पुन्हा तेच. हिरडीला चिकटून हळूहळू विरघळणाऱ्या झायलिटॉलच्या (साखरेऐवजी वापरतात त्या गोड पदार्थाच्या) चकत्याही मिळतात. खोलीत ह्युमिडिफायर ठेवावा, नाक चोंदत असेल तर आधी त्याचा इलाज करावा, कवळी काढून झोपावं.

लाळ सुटावी म्हणून आंबट गोळी चघळणं मात्र महागात पडतं. दाताचं कवच साधारण 5.5 पीएचच्या खाली (पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त) विरघळू लागतं, आणि आम्ल मारणारं बायकार्बोनेट आता तोंडात फारसं उरलेलं नसतं. झोपण्याआधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने चूळ आणि दंतवैद्याने दिलेलं जास्त फ्लोराइडचं पेस्ट, हे दोन्ही रोज हवं. अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको.

लाळ वाढवणारी पायलोकार्पिनची गोळी अ‍ॅसिटिलकोलिनची नक्कल करते. ग्रंथीत पेशी उरल्या असतील तरच तिचा उपयोग, आणि घाम फार येतो. आटोक्यात नसलेला दमा किंवा काचबिंदूचा विशिष्ट प्रकार असेल तर ती चालत नाही. उलट, अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी गोळी, जी नसांच्या दुखण्यावर नेमकी रात्रीच देतात, किंवा झोप आणणाऱ्या जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या अ‍ॅसिटिलकोलिनची वाट अडवतात. अशी गोळी चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, पण पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं बरोबर न्या आणि पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारा.