तापमानाची बेरीज आणि ओकानागनचे सॅमन

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ओकानागन खोऱ्यात दर हिवाळ्यात काही शाळांच्या वर्गांत माशांच्या टाक्या मांडल्या जातात. या टाक्या शोभेच्या माशांसाठी नसतात. पाणी थंड ठेवणारं यंत्र टाकीला जोडलेलं असतं आणि उजेड आत जाऊ नये याची काळजी घेतलेली असते. आत असतात सॉकाय जातीच्या सॅमनची अंडी किंवा नुकती फुटलेली पिल्लं, आणि नदीत ती खडीखाली, गारठ्यात, अंधारातच वाढतात. वसंत सरता सरता हीच मुलं बोटाच्या पेराएवढी झालेली पिल्लं घेऊन काठावर जातात. गाणी होतात, प्रार्थना होते आणि पिल्लं पाण्यात सोडली जातात.

हा कार्यक्रम ‘ओकानागन नेशन अलायन्स’ चालवते. या खोऱ्यातल्या सील्ख या मूळनिवासी राष्ट्राची ही संस्था. आदिवासी आणि जनजागृती हे शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा पाड्यावर जाऊन समजावून सांगणारा शहरी तज्ज्ञ येतो. ओकानागनमध्ये शिकवणारे सील्ख आहेत. शिकणाऱ्यांत त्यांची स्वतःची मुलं आहेत, शेजारच्या गावांतली गोरी मुलं आहेत आणि धरणाचे दरवाजे उघडझाप करणारे अभियंतेही आहेत. या खोऱ्यात मासे परत का आले याचं निम्मं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

वर्गातला एक धडा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मासा थंड रक्ताचा. अंड्यातल्या गर्भाची वाढ किती वेगाने होईल हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. म्हणून सॅमन वाढवणारे लोक नुसते दिवस मोजत नाहीत, तर रोजचं सरासरी तापमान कालच्या बेरजेत मिळवत जातात. पाणी ८ अंश सेल्सिअस असेल तर त्या दिवसाचे ८ अंश-दिवस. सॉकायच्या अंड्यांची ही बेरीज साधारण ६०० ते ७०० झाली की ती फुटतात. म्हणजे १० अंशांच्या पाण्यात दोन महिन्यांहून थोडं जास्त, तर ५ अंशांच्या पाण्यात चार महिने. बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटाला बलकाची केशरी पिशवी चिकटलेली असते. ती संपेपर्यंत ते खडीतच दडून राहतं. पिशवी आटली, बेरीज आणखी पुढे गेली, की ते वर येऊन पोहायला लागतं. चौथी-पाचवीतल्या मुलाला जमेल असं हे गणित आहे, आणि पुढे बघू तसं धरणाच्या विसर्गाचं वेळापत्रकही याच गणितावर चालतं.

सॉकाय हा पॅसिफिक महासागरातला सॅमन. (मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकला जाणारा आपला रावस वेगळ्याच कुळातला आहे.) जन्म गोड्या पाण्यात, पहिलं वर्ष बहुधा तळ्यात, मग नदीने खाली समुद्रात. तिथे दोनेक वर्षं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खाऊन तो धष्टपुष्ट होतो आणि मग ज्या नदीत जन्मला तिथे परततो. परतीच्या वाटेवर तो खाणं थांबवतो. प्लवकांतून मिळालेला लाल रंग मांसातून कातडीत आणि अंड्यांत उतरतो, अंग लालभडक होतं, डोकं हिरवं. मादी शेपटीने खडी उकरून दोन-तीन हजार अंडी घालते, नर ती फळवतो, आणि काही दिवसांत दोघंही मरतात. त्यांच्या कलेवरांतून समुद्रातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस थेट डोंगरातल्या झाडांपर्यंत पोचतं.

घरचा पत्ता त्यांना सापडतो तो वासाने. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ आर्थर हॅसलर यांनी १९५०च्या दशकात हा विचार मांडला: प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला तिथल्या मातीचा, वनस्पतींचा वेगळा वास असतो आणि पिल्लू तो लहानपणीच मनात साठवतं. पुढे मिशिगन सरोवरात त्यांनी कोहो सॅमनच्या पिल्लांना एका कृत्रिम रसायनाच्या वासाची सवय लावली, आणि मोठे झालेले मासे ज्या ओढ्यात ते रसायन टाकलं होतं तिकडेच वळले. म्हणून मुलांनी पिल्लं नदीत सोडणं हा नुसता समारंभ नाही. पिल्लू कुठल्या पाण्यात, कुठल्या वयात सोडलं यावर ते पुढे कुठे परतेल हे बऱ्याच अंशी ठरतं.

ओकानागनच्या सॉकायला घरी यायला समुद्रापासून सुमारे हजार किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहावं लागतं. वाटेत कोलंबिया नदीवर नऊ मोठी धरणं आहेत. या नवांवर माशांना चढून जाण्यासाठी मत्स्यमार्ग आहेत. दहावं धरण चीफ जोसेफ, त्याच्या वर ग्रँड कूली. या दोन्ही धरणांवर तशी सोय केलेलीच नाही. १९४२मध्ये पूर्ण झालेलं ग्रँड कूली सुमारे १६८ मीटर उंच आहे. त्याच्या जलाशयात केटल फॉल्स हा धबधबा बुडाला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या अनेक जमाती उन्हाळ्यात जमायच्या आणि ‘सॅमन चीफ’ पकडलेल्या माशांची सगळ्यांत न्याय्य वाटणी करायचा. जून १९४०मध्ये या जमातींनी तिथे तीन दिवस एकत्र येऊन धबधब्याला निरोप दिला. ‘अश्रूंचा सोहळा’ या नावाने तो आजही आठवला जातो. खालचं धरण नंतरचं. त्याला ज्या चीफ जोसेफ यांचं नाव दिलंय ते नेझ पर्स जमातीचे नेते, म्हणजे सॅमनवर जगणाऱ्या लोकांतलेच. ज्या भिंतीने मासे कायमचे अडवले तिला त्यांचं नाव असावं, हे मला फार लागतं.

ओकानागन नदी मात्र कोलंबियाला चीफ जोसेफ धरणाच्या वीसेक किलोमीटर खाली मिळते. एवढ्याशा भूगोलामुळे हा सॉकाय वाचला. जेमतेम वाचला, असंच म्हणायला हवं. विसाव्या शतकात ओकानागनवरही छोटी धरणं आणि बंधारे झाले, पुरापासून बचावासाठी १९५०च्या दशकात नदीची बहुतेक लांबी सरळ कालव्यासारखी करून टाकली गेली, अंडी घालायची खडी वाहून गेली. वरची स्काहा आणि ओकानागन ही तळी माशांना बंद झाली. १९९०च्या दशकात काही वर्षी परतणारे सॉकाय जेमतेम काही हजार उरले होते.

सील्ख लोकांच्या एका जुन्या कथेत माणूस पृथ्वीवर येण्याआधी चार अन्नप्रमुख एकत्र बसतात: काळं अस्वल, स्प्रिंग सॅमन (म्हणजे चिनूक, सॅमनचीच दुसरी जात), बिटररूट हे कंद आणि सास्कटून हे झुडपावरचं छोटं फळ. नव्याने येणारी माणसं जगणार कशी, यावर ते बोलतात आणि प्रत्येक जण आपापल्या परीने स्वतःला देऊ करतो. या गोष्टीचा उपयोग संस्था आजही निर्णय घेताना करते, शाळेतही ती सांगितली जाते. मला तिच्यात परिसरशास्त्राचं मूळ दिसतं. पाण्यातलं, जमिनीवरचं, मातीखालचं आणि फांदीवरचं अन्न एकाच बैठकीत मांडलेलं आहे. एकाला तोटा झाला की चौघांना उत्तर द्यावं लागतं.

या बळावर सील्खांनी मागणी केली, की स्काहा तळ्यात सॉकाय परत आणू द्या. सरकारी शास्त्रज्ञांच्या शंका खऱ्या होत्या. रोग वर जातील का? तळ्यातच राहणारा कोकनी नावाचा सॉकायचाच भाऊबंद उपाशी मरेल का? १९६०च्या दशकात ओकानागन तळ्यात मुद्दाम सोडलेल्या मायसिस या कोळंबीसारख्या जिवाने आधीच प्लवकांवर ताव मारलेला होता. संस्थेने या शंका उडवून लावल्या नाहीत. आधी तीन वर्षं धोक्याचा अभ्यास झाला, मग २००४पासून १२ वर्षांचा प्रयोग म्हणून दरवर्षी पिल्लं सोडून तळ्यावर नजर ठेवण्यात आली. श्रद्धेच्या माणसांनी पुराव्याची एवढी लांब वाट पाहावी, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २००९मध्ये मॅकइन्टायर धरणाचे दरवाजे बदलून मासे वर जाण्याची वाट करून दिली गेली. २०१४मध्ये खोऱ्यातल्याच पेंटिक्टन गावी संस्थेचं स्वतःचं मत्स्यबीज केंद्र उभं राहिलं. त्याचा खर्च अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबियावर धरणं चालवणाऱ्या सार्वजनिक वीज संस्थांनी उचलला, कारण त्यांच्या धरणांत मरणाऱ्या माशांची भरपाई त्यांना कायद्याने करावी लागते.

केंद्रातल्या माशाची ओळख पटवण्याची पद्धत तर विलक्षण आहे. माशाच्या कानात चुनखडीचा एक इवला खडा असतो आणि त्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं चढत जातात. अंडी केंद्रात असताना पाण्याचं तापमान ठरावीक क्रमाने कमी-जास्त केलं की त्या वलयांवर तशीच नक्षी उमटते. चार वर्षांनी अंडी घालून मेलेल्या माशाचा कानखडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तो नदीत जन्मला की केंद्रात, हे कळतं. जिवंत माशाला कापणं नाही, खूण टोचणं नाही.

आता धरणाच्या अभियंत्यांकडे येऊ. सॉकाय ऑक्टोबरात अंडी घालतो, तेव्हा नदीत जेवढं पाणी असेल तेवढ्या पातळीला. हिवाळ्यात विसर्ग घटवला तर काठालगतची अंडी उघडी पडून गोठतात. वसंतात बर्फ वितळतं, तळं भरतं, आणि पुराच्या भीतीने एकदम दरवाजे उघडले तर खडीसकट अंडी वाहून जातात. धरण चालवणाऱ्याला शेतीचं पाणी बघायचं असतं, काठावरची घरं वाचवायची असतात. खडीखालची अंडी त्याला दिसतच नाहीत. सील्ख, प्रांत आणि केंद्र सरकारच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी आणि धरणवाल्यांनी मिळून संगणकावर एक साधन तयार केलं. तळ्याची पातळी, बर्फाचा अंदाज आणि पाण्याचं तापमान त्यात भरलं की अंडी आज कुठल्या अवस्थेत आहेत आणि पिल्लं खडीतून केव्हा वर येतील ते समोर येतं. पिल्लं बाहेर पडेपर्यंत विसर्ग सांभाळायचा, नंतर वाढवायचा. वर्गातल्या वहीतली अंश-दिवसांची बेरीज ती हीच. गेली वीस वर्षं हे साधन वापरात आहे.

परिणाम कोलंबियावर समुद्राकडून येताना पहिल्या लागणाऱ्या बॉनव्हिल धरणावर मोजता येतो. तिथल्या मत्स्यमार्गाला काचेची खिडकी आहे आणि १९३८पासून वर जाणारे मासे मोजले जातात. २०१४मध्ये तिथून ६ लाखांहून जास्त सॉकाय गेले आणि २०२४मध्ये साडेसात लाखांहून जास्त, म्हणजे तोवरचा उच्चांक. यातले बहुतेक ओकानागनचे. समुद्रातली अनुकूल वर्षं हेही यामागचं मोठं कारण आहे, सगळं श्रेय एकट्या कुणाला देता येणार नाही. पण समुद्रात वाढायला पिल्लं आधी नदीतून जिवंत निघावी लागतात. चांगल्या वर्षी ओकानागन नदीवरच्या, स्काहाच्या खालच्या ओसोयूस तळ्यावर बिगर-आदिवासी लोकांनाही सॉकाय पकडायची मुभा मिळते. ज्या पोराने चौथीत पिल्लू सोडलं, त्याचे आजोबा गळ टाकून बसलेले असतात. नदीच्या बाजूने मत तयार होतं ते असं.

बॉनव्हिलला मोजलेला मासा घरी पोचतोच असं नाही, आणि सध्याची मोठी काळजी तीच आहे. ओकानागन नदीचं पाणी २१ अंशांच्या वर गेलं की सॉकाय तिच्या मुखाशी थबकतो आणि पाणी निवण्याची वाट पाहतो. २०१५च्या उन्हाळ्यात कोलंबियाच इतकी तापली, की ओकानागनकडे निघालेल्या माशांपैकी बहुतांश वाटेतच मेले. जे ओसोयूस तळ्यात पोचतात त्यांच्यापुढे आणखी एक पेच असतो. उन्हाळ्याच्या शेवटी तळ्याचा वरचा थर त्यांना सोसवणार नाही इतका गरम, १७ अंशांच्या पुढचा. तळाशी गार पाणी आहे, पण कुजणाऱ्या शेवाळाने तिथला प्राणवायू खाल्लेला. मधल्या पातळ थरात मासे दाटीने अडकून राहतात, आणि तो थरही काही वर्षी जवळजवळ नाहीसा होतो. वरच्या थंड, खोल तळ्यांची वाट मोकळी करण्याचा सील्खांचा आग्रह नुसता परंपरेसाठी नाही, तो याच्यासाठी आहे. २०१९पासून पेंटिक्टनच्या धरणातूनही मासे ओकानागन तळ्यात जाऊ लागले.

ओकानागनमध्ये जे शिकलं गेलं ते आता दोन अडवलेल्या धरणांच्या वरच्या भागात न्यायचं चाललं आहे. ऑगस्ट २०१९मध्ये अमेरिकेतल्या कॉलव्हिल जमातींनी चीफ जोसेफ आणि ग्रँड कूलीच्या वर काही मोठे सॅमन स्वतः वाहून नेऊन सोडले. त्याच वर्षी कॅनडात सील्ख, सेक्वेपेम्क आणि कटुनाहा या तीन राष्ट्रांनी केंद्र आणि प्रांत सरकारशी कोलंबियाच्या वरच्या भागात सॅमन परत आणण्याचा करार केला. सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकी सरकारने वरच्या कोलंबियातल्या जमातींच्या योजनेसाठी २० वर्षांत २० कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. पैसा मोठा आहे, पण सॉकाय किंवा चिनूकच्या एका पिढीला चार-पाच वर्षं लागतात. म्हणजे या करारात माशांच्या फार तर चार-पाच पिढ्या बसतील. पिल्लांना खुणेच्या चिप्स बसवणारे, खडीतले खड्डे मोजणारे, कानखडे वाचणारे, विसर्गावर धरणवाल्यांशी हुज्जत घालणारे लोक या सगळ्या वर्षांत लागणार आहेत. आज टाकीपाशी तापमान लिहिणारी दहा वर्षांची मुलं हा करार संपताना तिशीला टेकलेली असतील.