अळंबीतील प्रथिने मटणाची जागा घेतील का?

खानापूर-जांबोटीच्या रानात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी त्या भागातील घरांत आवडीने शिजवली जाते, आणि श्रावणात मटण बंद झाले की बेळगावात अनेकांच्या ताटात बटन मशरूम किंवा धिंगरी (ऑयस्टर मशरूम) येते. चवीची उणीव त्यातून भरून निघते. पोषणाचा हिशेब मात्र थोडा गुंतागुंतीचा आहे.

ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असल्याने १०० ग्रॅममागे जेमतेम २ ते ३ ग्रॅम प्रथिने मिळतात, तर तेवढ्याच मटणात ती २० ग्रॅमच्या आसपास असतात. वाळवलेल्या अळंबीसाठी सांगितला जाणारा आकडा मोठा दिसतो, पण तो जपून वाचावा. पदार्थातील नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणायचे, ही प्रथिने मोजण्याची रूढ रीत आहे. अळंबीच्या पेशीभित्तिकेतील कायटिन या प्रथिन नसलेल्या घटकातही नायट्रोजन असल्यामुळे तिच्यासाठी ४.३८ हा गुणक अधिक योग्य मानतात, आणि तो लावताच आकडा ३० टक्क्यांनी उतरतो.

तरीही या प्रथिनांची घडण चांगली आहे. त्यांत नऊही अत्यावश्यक अमिनो आम्ले असतात. ज्वारी आणि तांदूळ या आपल्या दोन्ही मुख्य धान्यांत कमी पडणारे लायसिन हे अमिनो आम्ल अळंबी पुरवते, तर अळंबीत तुलनेने कमी असणारे मेथिओनिन धान्यातून मिळते. म्हणून धिंगरीची भाजी भाकरीबरोबर खाणे पोषणाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे. या प्रथिनांच्या पचनातून सुटणारे काही पेप्टाइड (प्रथिनांचे लहान तुकडे) रक्तदाब वाढवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) रोखतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे, पण एवढ्यावरून अळंबीला औषध म्हणणे उतावीळपणाचे ठरेल.

मांसपर्यायासाठी बुरशीचे तंतू मोलाचे ठरतात, कारण त्यांची ठेवण मांसाच्या धाग्यांसारखी असते आणि अळंबीत ग्लुटामेट मुळातच असल्याने मांसल चवही येते. ब्रिटनमध्ये १९८५पासून विकल्या जाणाऱ्या ‘क्वॉर्न’ या मांसपर्यायामध्ये फ्युझेरियम व्हेनेनाटम ही बुरशी (ती अळंबी नव्हे) वापरतात. तिच्यापासून केलेल्या मायकोप्रोटीनमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम प्रथिने आणि ६ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. मात्र तिच्यातील आरएनएमुळे यूरिक आम्ल वाढू नये म्हणून उष्णता देऊन आरएनएचे प्रमाण आधी घटवावे लागते.

धिंगरी भाताच्या पेंढ्यावर वाढते आणि खानापूर तालुक्यात पेंढ्याला तोटा नाही. ती वाळवून, दळून सोयाबीन किंवा हरभऱ्याच्या पिठात मिसळली तर प्रथिनांची भर डाळीतून पडते, चव धिंगरीतून येते. मांस कायमचे सोडणाऱ्याने मात्र ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ साठी दूध-दह्याचा किंवा पूरक गोळ्यांचा आधार घ्यावा.