घाटात अडखळणारी टर्बो आणि प्लगमधला गॅप

केरी सोडून गाडी चोर्ला घाटाला लागते. आत पाच माणसं, डिकी भरलेली. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन दोन-तीन गचके देतं आणि मग सावरतं. हीच गाडी पणजी-फोंडा रस्त्यावर मात्र काही तक्रार करत नाही. मग कोणी पेट्रोलला दोष देतं, कोणी पंप बदलायला सांगतं. गाडी टर्बो पेट्रोल असेल, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारी, आणि मिश्रण पेटवायला ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग जुने झाले असतील, तर पहिला संशय प्लगवरच घ्यावा. फक्त चढावरच मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकून गचके, का होतं, हे कळलं की नवे प्लग कोणते घ्यायचे तेही आपोआप कळतं.

वायूमधून ठिणगी पाडायला किती व्होल्टेज लागतं, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये प्रयोगांनी मांडलं. दोन टोकांमधलं अंतर आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर ते व्होल्टेज ठरतं. इंजिनात जे दाब असतात, तिथे हा गुणाकार वाढला की लागणारं व्होल्टेजही वाढतं. वायू दाट झाला की सुटा इलेक्ट्रॉन वेग घेण्याआधीच पुढच्या रेणूवर आपटतो. रेणू फोडण्याइतकी ऊर्जा त्याला मिळवून द्यायची, तर विद्युत क्षेत्र तितकंच जोरदार लागतं.

आता आकडे पाहा. उघड्या हवेत एक मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी पडायला साधारण ४,००० व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये पिस्टनने दाबलेल्या मिश्रणात हाच आकडा वीस-तीस हजारांच्या घरात जातो. त्यात टर्बोने वातावरणाच्या दाबाएवढा आणखी दाब चढवला, की सिलिंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा शिरते आणि मागणी पुन्हा वाढते. प्लगला हे व्होल्टेज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलची ताकद मात्र ठरलेली असते. सपाट रस्त्यावर टर्बो फारसा दाब देत नाही, म्हणून तिथे निभावून जातं. घाटात पूर्ण दाब मिळतो, कॉइल कमी पडते आणि ठिणगी पडतच नाही. टर्बोच्या वाऱ्याने ठिणगी विझते असं गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं, पण बहुतेक वेळा ती पेटलेलीच नसते.

म्हणून टर्बो इंजिनात प्लगचा गॅप, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधली फट, लहान ठेवतात. साध्या इंजिनात तो एक मिलिमीटरच्या आसपास असतो, टर्बोत बहुधा ०.७ ते ०.८. प्रत्येक ठिणगीबरोबर टोकाचा धातू कणाकणाने झिजतो, कडा गोलावतात आणि गॅप वाढत जातो. साध्या प्लगच्या निकेलच्या टोकाऐवजी इरिडियम धातूचं टोक घेण्याचा फायदा इथे आहे. निकेल सुमारे १,४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, इरिडियम २,४४६ अंशांना. ते कठीणही आहे, त्यामुळे मधलं टोक अर्ध्या मिलिमीटरइतकं बारीक करता येतं. बारीक टोकाशी विद्युत क्षेत्र एकवटतं आणि कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते. माझ्या मते टर्बो गाडीत इरिडियमवर खर्च करावा, पण कंपनीने सांगितलेल्या नंबरचंच.

त्या नंबरात हीट रेंज, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर सोडतो ते, असते, आणि गोव्यात गोंधळ होतो तो तिच्यावरूनच. ‘आपल्याकडे उकाडा फार, थंड प्लग घाला’ हा सल्ला मनापासून दिला जातो, पण तो चुकीचा आहे. जळत्या मिश्रणाचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. बाहेर २२ अंश आहेत की ३४, याने प्लगला काही फरक पडत नाही. थंड प्लग म्हणजे आतल्या चिनीमातीचं नाक आखूड, त्यामुळे उष्णता लवकर हेडकडे, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागाकडे, निघून जाते. गरम प्लगचं नाक लांब. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर त्यावरची काजळी जळून जाते. फार तापलं, तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोकही पडू शकतं. घर ते बाजार, बाजार ते शाळा अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत गरजेपेक्षा थंड प्लग घातला, तर त्याचं टोक पुरेसं तापतच नाही आणि ते काळं पडतं. गाडीच्या संगणकात रिमॅप करून, म्हणजे सेटिंग बदलून, टर्बोचा दाब वाढवला असेल, तर एक पायरी थंड प्लग घेण्याला अर्थ आहे. दुकानात मात्र जपून: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलट.

आट्यांची लांबीही तंतोतंत तीच हवी. लांब प्लग पिस्टनला लागू शकतो. आखूड घातला तर हेडच्या रिकाम्या आट्यांत काजळी बसते.

नव्या प्लगचा गॅप खोक्यावर छापलेला असला तरी मोजून घ्या, मात्र तारेच्या गेजने. नाण्यासारखं गेज बारीक टोकावर घासलं की टोक तुटू शकतं. वाकवायचं झालं तर फक्त बाहेरचं टोक वाकवा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच जुने प्लग काढा आणि नवे आधी हाताने फिरवून बसवा. मग टॉर्क पाना लावा. १४ मिलिमीटर आटे आणि वॉशर असलेल्या प्लगला अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. तरी पुस्तिकेतला आकडा शेवटचा. आट्यांना ग्रीस लावू नका. घर्षण कमी होऊन प्लग नकळत जास्त आवळला जातो.

जुने प्लग टाकायची घाई करू नका. सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. पांढऱ्या चिनीमातीवर धातूच्या कडेला तपकिरी वलय दिसलं तर घाबरू नका. विद्युत क्षेत्राने तेलाचे कण ओढले जाऊन ते बनतं. उभी, केसासारखी काळी रेघ दिसली, तर वीज गॅप सोडून बाहेरून धावली आहे. अशा वेळी कॉइलचं रबरी बूटही बदला, कारण पावसाळ्यातली ओल त्याच जागी पुन्हा वाट काढते. सगळी टोकं सारखीच फिकट तपकिरी असतील तर इंजिन ठीक आहे. तीन सिलिंडरच्या गाडीत तिनातला एकच प्लग तेलाने ओला निघाला, तर दुखणं प्लगचं नाही. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मेस्त्रीकडून तपासून घ्या.