जी फाइल नाही, तिचं काय करायचं?

गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर आहे, तसाच ड्रॉपबॉक्सवर एक. दोन्ही कायम सारखे राहावेत म्हणून एक प्रोग्राम नेमलेला आहे. आज त्याला दिसतं, की ‘भाडेकरार’ नावाची फाइल ड्राइव्हवर आहे, ड्रॉपबॉक्सवर नाही. त्याने काय करावं? फाइल ड्राइव्हवर आजच आली असेल, तर ती ड्रॉपबॉक्सवर चढवायला हवी. पण ड्रॉपबॉक्सवरून कुणी ती मुद्दाम उडवली असेल, तर ड्राइव्हवरूनही काढून टाकायला हवी. करायच्या गोष्टी एकदम उलट, आणि समोरचं दृश्य मात्र एकच. दोन्ही फोल्डर कितीही बारकाईने तपासले तरी याचं उत्तर त्यांत सापडत नाही.

ते सापडतं तिसरीकडे: मागच्या वेळी दोन्हीकडे काय काय होतं, या यादीत. भाड्याचं घर सोडताना पंखे मुळात किती होते हा वाद जसा पहिल्या दिवशीच्या यादीवरच मिटतो, तसंच. जुन्या यादीत ‘भाडेकरार’ असेल तर ती ड्रॉपबॉक्सवरून उडवली गेली. नसेल तर ड्राइव्हवर नवी आली. १९९८ साली एस. बालसुब्रमण्यम आणि बेंजामिन पिअर्स यांनी फाइल सिंक करणारा, म्हणजे दोन ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवणारा प्रोग्राम म्हणजे नेमकं काय, हाच प्रश्न शोधनिबंधाचा विषय केला. त्यांनी कामाचे दोन भाग पाडले. आधी प्रत्येक बाजूला मागच्या वेळेपासून काय बदललं ते शोधायचं, आणि मग ते बदल एकमेकांशी जुळवायचे. पिअर्स यांचा ‘युनिसन’ हा प्रोग्राम याच विचारावर उभा आहे.

निक क्रेग-वुड यांनी सुरू केलेला ‘आरक्लोन’ हा मोफत प्रोग्राम आज ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह आणि अशा कितीतरी सेवांशी बोलतो. त्याच्या ‘सिंक’ या आज्ञेने अनेकांची फसगत होते. ती एकतर्फी आहे. उगमाकडे जे असेल तेच पोहोचण्याच्या ठिकाणी ठेवायचं आणि तिथलं जास्तीचं सगळं पुसायचं, एवढंच तिला कळतं. जुनी यादी ती ठेवत नाही, कारण तिला तिची गरजच नाही. दुतर्फी जुळणीसाठी ‘बायसिंक’ ही वेगळी आज्ञा २०२२ मध्ये आली. ती प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंच्या याद्या जपून ठेवते. पहिल्यांदा चालवताना यादी नसतेच, तेव्हा ‘रीसिंक’ करावं लागतं. त्यात दोन्हीकडचं सगळं एकत्र होतं. म्हणूनच यादी बिघडली म्हणून मध्येच कुणी रीसिंक केलं, तर एकाच बाजूने उडवलेल्या फाइली पुन्हा हजर होतात. भूत वगैरे काही नाही, प्रोग्रामची स्मृती गेलेली असते. बायसिंकमधली आणखी एक सोय मला फार शहाणपणाची वाटते. एका बाजूच्या निम्म्याहून जास्त फाइली गायब दिसल्या, तर तो हात आखडता घेतो आणि काहीही न पुसता थांबतो. इतकं सगळं माणूस एकदम उडवत नाही, चुकीचा फोल्डर दिला गेला असण्याचीच शक्यता जास्त.

एखादी फाइल नाही असं म्हणण्यासाठी आधी ती ओळखता यायला हवी, आणि तिथेही गोंधळ आहेच. दोन फाइली तंतोतंत सारख्या आहेत का, हे त्या न उतरवता कळावं म्हणून अशा बहुतेक सेवा फाइलच्या मजकुरावरून गणिताने एक छोटी खूण काढून ठेवतात. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी खूण बदलते. पण खूण काढायची रीत ज्याची त्याची वेगळी. ड्राइव्ह एमडी५ आणि एसएचए-२५६ या प्रचलित रीतींनी काढलेल्या खुणा देतं. ड्रॉपबॉक्स फाइलचे ४ एमबीचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्याची एसएचए-२५६ खूण काढतं, त्या खुणा एकापुढे एक जोडतं आणि त्या माळेची पुन्हा खूण काढतं. वनड्राइव्हची रीत तिसरीच. त्यामुळे एकच फोटो तिन्हीकडे ठेवला तर तीन खुणा मिळतात, आणि त्या एकमेकींशी ताडता येत नाहीत. मग प्रोग्राम फाइलचा आकार आणि बदलाची वेळ यांवर भागवतो. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. गूगल डॉक्सचं प्रकरण आणखी निराळं. ती मुळात ठरावीक आकाराची फाइलच नसते, वर्डच्या रूपात बाहेर काढेपर्यंत तिचा आकार किती हेही कळत नाही.

नावांचा घोळ मराठी वाचकाच्या अगदी दारातला आहे. ‘वऱ्हाड’ किंवा ‘कऱ्हाड’ या नावातला र घ्या. संगणकावर अक्षरं साठवायच्या युनिकोड या पद्धतीत तो दोन प्रकारे साठवता येतो: ‘ऱ’ हे एकच चिन्ह, किंवा साधा र आणि त्याला जोडलेला नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) अशी दोन चिन्हं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. साठवणीत मात्र एक तीन बाइटचं, दुसरं सहा बाइटचं. अ‍ॅपलच्या संगणकांवर फाइली साठवायच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीत फाइलचं नाव आपसूक असं सुट्या चिन्हांत करून ठेवलं जायचं, बाकी ठिकाणी ते सहसा टाइप केलं तसंच राहतं. त्यामुळे भोळ्या प्रोग्रामला ‘वऱ्हाड’ आणि ‘वऱ्हाड’ या दोन वेगळ्या फाइली वाटतात. तो एक पुसतो आणि दुसरी नवी म्हणून चढवतो, किंवा दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो. आरक्लोन नावं ताडण्याआधी ती एकाच रूपात आणून घेतो. शिवाय ड्राइव्ह एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली खुशाल राहू देतं, ड्रॉपबॉक्स ते मुळीच चालवून घेत नाही.

हे सगळं जमलं, तरी प्रत्यक्ष वाहतूक संथच. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ऑस्ट्रेलियात ‘आरसिंक’ बनवला. मोठ्या फाइलमधला बदललेला तेवढाच भाग पाठवायची त्याची युक्ती अफलातून आहे, पण त्यासाठी दोन्ही टोकांना तोच प्रोग्राम चालावा लागतो. गूगलच्या किंवा ड्रॉपबॉक्सच्या यंत्रावर आपला प्रोग्राम कोण चालवू देणार? त्यामुळे एका सेवेकडून दुसरीकडे जाताना फाइल बहुधा अख्खीच मधल्या संगणकावर उतरते आणि पुन्हा अख्खी चढते. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर ५० जीबी उतरवायला तासाहून जास्त वेळ जातो.

त्या वेळात तीच फाइल दोन्हीकडे बदलली गेली तर? वेळ बघून नवी ठेवावी असं पटकन वाटतं, पण त्यात जुन्या बाजूला कुणी केलेलं काम वाया जातं. बायसिंक अशा वेळी मुळात दोन्ही प्रती नाव बदलून ठेवतो आणि निवड आपल्यावर सोडतो. ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये कधी अचानक उगवणारी ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ याच जातीची.

आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका बाजूला व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर प्रोग्रामच्या दृष्टीने तो निव्वळ एक बदल असतो, आणि तो इमानेइतबारे दुसरीकडे पोहोचवला जातो. पुसलेल्या फाइली ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात, ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यातही त्या परत मिळवायची मुदत तेवढीच. आरक्लोनमध्ये कुठलीही नवी जुळणी लावताना आधी ‘ड्राय-रन’ जोडून चालवावी. काय पुसणार आणि काय चढवणार याची यादी तो दाखवतो आणि कशालाही हात लावत नाही.